गाडी आपली, कळ कोणाच्या हाती?

दुचाकीची बॅटरी उतरली तर काय करायचे, हा विषय बायकांच्या प्रश्नांना वाहिलेल्या अंकात कशासाठी, असे काही मैत्रिणींना वाटेल. हुंडा, मारहाण, दारू, जमिनीवरचा हक्क, कामाची मजुरी हे सगळे समोर पडलेले असताना किक आणि क्लच कुठून आले? पण आपल्यापैकी किती जणींचे काम आज दुचाकीवर चालते, ते जरा मोजून पाहा. दिवसातून दोनदा एसटी येते त्या गावात संध्याकाळची बैठक घ्यायची असते. रात्री मार खाल्लेल्या बाईला ग्रामीण रुग्णालयात न्यायचे असते, सकाळी तालुक्याच्या कोर्टात तारीख गाठायची असते. आरोग्यसेविका, शिक्षिका, बचत गटांच्या समन्वयक या सगळ्याजणींचे तसेच. आणि नेमक्या वेळी बटण दाबले की गाडी नुसती 'टक' करते आणि गप्प बसते. मग आपण काय करतो? मान वर करून आजूबाजूला पाहतो. कोणी पुरुष दिसतो का, ते पाहतो.

या पाहण्याबद्दल मला लिहायचे आहे.

पुरुष दिसतोच. आपल्याकडे रस्त्यावर पुरुषांची कधी वाण नसते. तो येतो, 'चावी द्या ताई' म्हणतो, आपण बाजूला होतो. तो किक मारतो किंवा चार पावले पळवून गाडी सुरू करून देतो. आपण आभार मानतो आणि निघतो. त्याने काय केले ते त्याने सांगितलेले नसते, आपणही विचारलेले नसते. आता हाच प्रसंग पुरुषाच्या बाबतीत कसा घडतो ते कधी लक्ष देऊन पाहा. एखाद्या माणसाची मोटरसायकल बंद पडली की मदतीला आलेला म्हणतो, 'बस तू, सेकंडला टाक, मी ढकलतो.' म्हणजे पुरुष अडला तर तो सीटवरच राहतो आणि मदत करणारा मागून धक्का देतो. बाई अडली तर मदत करणारा सीटवर बसतो आणि बाई रस्त्याच्या कडेला उभी राहते. दोन्हीकडे मदतच, दोन्हीकडे भावना चांगलीच. पण एकीत शिकवण आहे आणि दुसरीत नाही. पुरुष जन्मतः मेकॅनिक नसतो. अशा पन्नास धक्क्यांतून त्याला ती गोष्ट कळत जाते. आपल्याला ते पन्नास धक्के मिळतच नाहीत.

यंत्राचे ज्ञान हे असे हातोहात जाते. त्याची शाळा नसते. कट्टा असतो, गॅरेजच्या बाहेरचे बाकडे असते. तिथे दहा-बारा वर्षांचा मुलगा पाना देत देत शिकतो. मुलगी त्या बाकड्यावर बसलेली आपण कोणी पाहिली आहे? घरातसुद्धा रविवारी सकाळी वडील गाडी धुतात, प्लग साफ करतात, तेव्हा 'जरा दहा नंबरचा पाना दे' अशी हाक मुलाला जाते. मुलीला चहा टाकायला सांगितले जाते.

म्हणून मी म्हणते की बायकांच्या हाती गाडी आली, पण गाडीची कळ आली नाही. कशी गेली ती हातातून? मागे जाऊन पाहू.

१९७२ साली आपल्याकडे लुना आली. त्या पिढीच्या कितीतरी शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या कारकून बायका लुनावर कामाला गेल्या. तिला सुरू व्हायला बॅटरी लागत नसे. स्टँडवर लावून सायकलसारखे पायडल मारायचे, इंजिन धरले की निघायचे. त्यामुळे 'बॅटरी उतरली' हा प्रश्नच नव्हता. त्याच वर्षी आलेली चेतक मात्र घरातल्या कर्त्या पुरुषाची. तिला गिअर, क्लच आणि किक. ती सुरू होईना की तिरकी करून पुन्हा किक मारायची, हे दृश्य आपल्यापैकी अनेकींनी मागच्या सीटवरून उतरून, हातात मूल घेऊन पाहिलेले आहे. मग १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. गिअर नाहीत, क्लच नाही, बटण दाबले की सुरू. साडीतली बाई, पोटुशी बाई, गुडघे दुखणारी बाई, सगळ्यांना तिने रस्ता मोकळा केला. पुढे स्कूटी आली, २००१ पासून ॲक्टिवा आली आणि गावोगाव मुली कॉलेजला स्वतःच्या गाडीवर जाऊ लागल्या.

इथे एक गैरसमज होऊ नये. सेल्फच्या बटणाला मी नावे ठेवत नाही. मोटारींच्या बाबतीतही हेच झाले होते. सुरुवातीच्या मोटारी पुढे दांडा घालून फिरवाव्या लागत. दांडा उलटा फिरला की मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवरचा स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत बसवला गेला आणि मोटार चालवणे हे दंडाच्या ताकदीचे काम राहिले नाही. बायकांना त्याचा मोठा फायदा झाला, यात शंका नाही. ज्या सोयीने बाई घराबाहेर पडते ती सोय आपलीच आहे, तिच्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचे कारण नाही. प्रश्न इतकाच, की ती सोय एका दिवशी चालली नाही तर दुसरा मार्ग आपल्याला ठाऊक आहे का, आणि तो मार्ग गाडीत शिल्लक ठेवला आहे का.

आता जरा यंत्रात शिरू. कंटाळा करू नका, हे कायद्याच्या कलमांपेक्षा सोपे आहे.

मोटरसायकलचे इंजिन सुरू करायचे म्हणजे ते कोणीतरी पहिल्यांदा फिरवावे लागते. सेल्फमध्ये हे काम बॅटरीवर चालणारी छोटी मोटर करते. तिला एका क्षणात भरपूर वीज लागते. दिवा, हॉर्न यांच्या कितीतरी पट जास्त. म्हणून दिवा लागतो, हॉर्न क्षीण का होईना वाजतो, पण सेल्फ फिरत नाही, अशी अवस्था येते. किक मारतो तेव्हा हेच फिरवण्याचे काम आपला पाय करतो. धक्का मारून सुरू करतो तेव्हा ते मागचे चाक करते: गाडी पळते, चाक फिरते, क्लच सोडला की चाकाचे फिरणे गिअरमधून इंजिनापर्यंत पोचते.

बिनगिअरच्या स्कूटरमध्ये नेमका हाच दुवा नसतो. तिचा क्लच आपोआप चालतो. इंजिन वेगाने फिरू लागले तरच तो चाकाला धरतो. इंजिन बंद असताना चाक कितीही फिरवा, इंजिनाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे जी गाडी 'बायकांची' म्हणून आपल्याला विकली गेली, ती धक्क्याने सुरू होऊच शकत नाही. तिला किक हा एकच दुसरा मार्ग, आणि ती किक वर्षानुवर्षे न वापरल्याने कोकणपट्टीच्या दमट हवेत गंजून अडकलेली असते.

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये परवान्यांचेही असेच दोन वर्ग केलेले आहेत: बिनगिअरची मोटरसायकल आणि गिअरची. आपल्या अनेक जणींकडे पहिल्याच वर्गाचा परवाना असतो. भावाने दोन्ही काढलेले असतात. बहिणीला 'तुला काय करायचेत गिअर' असे म्हणून एकच काढून दिलेला असतो. मग संस्थेला गिअरची मोटरसायकल मिळाली की ती आपोआप संस्थेतल्या पुरुष कार्यकर्त्याची होते, बाई त्याच्या मागे बसते आणि बैठकीची वेळ त्याच्या सवडीने ठरते.

बॅटरी उतरते कशाने, हेही पाहण्यासारखे आहे. कारण इथे दोष बाईच्या माथी मारला जातो. 'बायकांना गाडी ठेवता येत नाही' हे वाक्य गॅरेजमध्ये मी इतक्यांदा ऐकले आहे की मोजणे सोडून दिले. इंजिन चालू असताना बॅटरी परत भरत असते, पण त्याला वेळ लागतो. एकदा सेल्फ मारून सलग अर्धा-पाऊण तास गाडी चालवली तर खर्च झालेली वीज भरून निघते. पण बाईची गाडी सलग चालते का? घरातून निघून मुलाला शाळेत सोडले, बंद. तिथून भाजी, बंद. रेशन दुकान, बंद. सासूबाईंचे औषध, बँक, परत शाळा. अर्ध्या-पाऊण किलोमीटरच्या सहा फेऱ्या आणि दर वेळी सेल्फ. नवरा एकदा सुरू करून एमआयडीसीत जातो आणि संध्याकाळी एकदा सुरू करून परत येतो. कोणाची बॅटरी आधी उतरेल? उतरण्याचे कारण बाईचा निष्काळजीपणा नाही, बाईवर टाकलेल्या कामाचा तो आकार आहे. भर म्हणून बाळंतपणात किंवा आजारपणात तिची गाडी महिना-दीड महिना उभी राहते. उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरत जाते. आणि एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना इंजिन चालू असेपर्यंत पुढचा दिवा चालूच राहतो, तो आपल्याला बंद करता येत नाही. सुरक्षेसाठी ते ठीकच आहे, पण छोट्या फेऱ्यांत बॅटरीच्या वाट्याला तेवढे कमी येते.

विदर्भातल्या मैत्रिणींसाठी एक जादा गोष्ट: बॅटरीचे आयुष्य खाते ते उन्हाळ्यातले ऊन, पण ते उघड होते थंडीत. डिसेंबरच्या पहाटे धारणीला गाडी सुरू झाली नाही तर दोष त्या पहाटेचा नसतो, मेमध्ये पत्र्याखाली उभ्या केलेल्या दुपारींचा असतो.

गाडी 'टक' करून थांबली तर आधी घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. उरलेली वीजही त्यात जाते. हँडलवरचे लाल बटण कोणी खेळताना बंद केले आहे का पाहा. नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असला तरी इंजिन सुरू होत नाही. अर्ध्या गाड्या याच दोन गोष्टींनी 'बिघडतात' आणि सुरू करून देणारा शंभर रुपये घेतो. मग चावी फिरवून दिवे पाहा. मंद दिवे आणि 'टक-टक' म्हणजे बॅटरी कमजोर आहे पण मेलेली नाही. किक किंवा धक्का चालेल. काहीच लागत नसेल, मेल्यासारखे सगळे शांत असेल, तर फ्यूज उडाला असेल किंवा बॅटरीची वायर ढिली झाली असेल. सीटखाली किंवा बाजूच्या झाकणाआड बॅटरी असते. तिच्या दोन टोकांवर पांढरी बुरशीसारखी पूड साठते. चावी बंद करून ती कोरड्या फडक्याने पुसून, नट आवळून पाहा. त्या पुडीत आम्ल असते, हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका.

किकबद्दल बायकांच्या मनात फार भीती बसवून ठेवलेली आहे. 'त्याला पायात जोर लागतो.' जोरापेक्षा वजन लागते, आणि ते आपल्याला आहेच. गाडी मेन स्टँडवर घ्या, गिअरची असेल तर न्यूट्रलमध्ये ठेवा. चावी फिरवल्यावर दोन सेकंद थांबा. नव्या गाड्यांत पेट्रोलचा पंप गुणगुणतो तो ऐकू येईल. जुनी कार्ब्युरेटरची गाडी थंड असेल तर चोक ओढा. पायाचा मधला भाग किकवर ठेवून हळूहळू दाबत जा. एका जागी अडल्यासारखे वाटेल. तिथे थांबा, किक वर येऊ द्या आणि मग गुडघा सरळ करत पूर्ण अंगाचे वजन एकाच झटक्यात खालपर्यंत द्या. चार अर्धवट किकपेक्षा ही एक पुरते. घोट्याने मारू नका, निसरड्या चपलेने मारू नका. पाचवारी असेल तर निऱ्या डाव्या हातात धरून कमरेला खोचा. नऊवारीला तोही प्रश्न नाही.

गिअरच्या मोटरसायकलला किकच नसेल, किंवा किक घेत नसेल, तर धक्का. चावी चालू, लाल बटण चालू स्थितीत, दुसरा गिअर, क्लच पूर्ण दाबलेला. पहिला गिअर नको, कारण त्यात इंजिन फार अडते आणि मागचे चाक घसरते. उतार मिळाला तर फार उत्तम, सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांना तो शोधावा लागत नाही. सपाटीवर दोघीजणी मागून ढकलू द्या. पळण्याइतका वेग आला की सीटवर जरा टेकून बसा म्हणजे मागच्या चाकावर भार येईल, आणि क्लच एकदम सोडा. गाडी गचका देईल, इंजिन 'धड' करून पेटेल. त्याच क्षणी क्लच पुन्हा दाबा आणि थोडी रेस द्या. हा शेवटचा भाग विसरला तर गाडी आपल्याला घेऊन सुटते किंवा परत बंद पडते. म्हणून आधी मोकळ्या मैदानात, दिवसा, दोन-तीनदा करून पाहा. हे अंधारात, घाईत, पहिल्यांदा करायचे काम नाही.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घेऊन सुरू करणे हा तिसरा मार्ग. दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टच्या हव्यात, काही जुन्या मोटरसायकलींना सहाची असते. लाल वायर धन टोकाला धन, मग काळी वायर आधी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटी आपल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला. बॅटरीजवळ ठिणगी नको, कारण तिच्यातून पेट घेणारा वायू निघत असतो. जीप किंवा मोटारीवरून घेत असाल तर तिचे इंजिन बंदच ठेवा. गाडी सुरू झाली की वायरी उलट्या क्रमाने काढा आणि लगेच बंद करू नका, अर्धा तास तरी चालवा. नुसती उभी ठेवून घुरघुरवल्याने फारसे भरत नाही.

आणि दोन-तीनशे रुपयांना मिळणारा मल्टिमीटर गटाच्या कपाटात ठेवा. चांगली भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साडेबाराच्या थोडे वर दाखवते. बाराच्या खाली गेली तर ती उतरली. गाडी सुरू करून रेस दिल्यावर आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान चढायला हवा. चढला नाही, तर बॅटरी भरलीच जात नाही आणि बिघाड दुसरीकडे आहे. अशा वेळी 'मॅडम, बॅटरी गेली, नवी टाका' असे कोणी म्हणाला तर नवीही आठ दिवसांत तशीच होणार. बाईने आकडा सांगितल्यावर गॅरेजवाल्याचा स्वर कसा बदलतो, तो अनुभव पैसे वाचण्यापेक्षाही मोलाचा वाटतो.

इथे मला थांबून एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ शमशाबादच्या टोलनाक्यापाशी एका तरुण पशुवैद्यक मुलीवर बलात्कार करून तिला मारण्यात आले. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे आरोपींनी आधी तिच्या स्कूटरच्या चाकातली हवा काढली आणि मग मदतीचे सोंग घेऊन ते पुढे आले. त्यानंतर सल्ल्यांचा पाऊस पडला: रात्री एकटीने जाऊ नका, फोन चालू ठेवा, घरी कळवून निघा. बाईने अमुक शिकावे म्हणजे ती सुरक्षित राहील, या प्रकारच्या बोलण्याची मला चीड आहे. त्या मुलीला पंक्चर काढता येत असते तरी त्या चौघांना तिने काय करायचे होते? बाईवर हल्ला होतो तो हल्ला करणाऱ्यामुळे, तिला किक मारता येत नाही म्हणून नाही. उद्या एखाद्या ठाण्यात 'गाडी सुरू करता येत नव्हती तर रात्रीची निघालीस कशाला' असे कोणी विचारले, तर त्याला आपल्याला एकत्र जाऊनच उत्तर द्यावे लागेल. मी शिकायला सांगते आहे ते सुरक्षेच्या नावाखाली नाही. जिच्यावर आपले काम चालते त्या वस्तूवर आपली हुकमत असावी म्हणून सांगते आहे. या दोन गोष्टींत फरक आहे आणि शिबिरात बोलताना तो पुसला जाऊ नये.

अशी हुकमत बायकांनी मिळवल्याची उदाहरणे आपल्याच चळवळीत आहेत. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला सामाख्य कार्यक्रमातून १९९०च्या सुमाराला दलित आणि कोल समाजातल्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. त्यांतल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. पाणी भरणे बाईचे काम, पण पंपाला हात लावणे सरकारी मिस्त्रीचे, आणि तोही खालच्या जातीच्या वस्तीत लवकर फिरकत नसे. त्यांनी जड पाइप उपसून पंप खोलले, जोडले, आणि मग त्यांना नोंदी ठेवायला अक्षरे हवीशी वाटू लागली. आधी पाना, मग पाटी. त्याच काळात तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईच्या साक्षरता मोहिमेने सायकल शिकणे हा मोहिमेचाच भाग केला आणि हजारो ग्रामीण बायका सायकलवर बसल्या. लोकांनी टोमणे मारले, बायका थांबल्या नाहीत. बांद्याची गोष्ट मला पुदुकोट्टईपेक्षा एक पाऊल पुढची वाटते, कारण तिथे बायकांनी वस्तू वापरलीच नाही, उघडली.

उघडणे हे बाईच्या स्वभावात नाही, असे म्हणणाऱ्यांना बर्था बेन्झची आठवण द्यावी. १८८८च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याने बनवलेली मोटार ती त्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली. मोटारीने केलेला तो पहिला लांबचा प्रवास. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली तेव्हा तिने ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, असे सांगतात. म्हणजे मोटारीचा इतिहास सुरू होतो तोच एका बाईच्या रस्त्यावरच्या दुरुस्तीपासून. नंतर ती बाई जाहिरातीत बॉनेटला टेकून उभी राहिली, हा भाग वेगळा.

आता कंपन्यांकडे वळू. दुसरा मार्ग गाडीत शिल्लक ठेवला आहे का, असे मी वर विचारले होते. उत्तर दिवसेंदिवस 'नाही' असे होत चालले आहे. अनेक नव्या मोटरसायकलींना किक नाहीच. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर बहुतेक गेला, त्या जागी विजेवर चालणारा पंप आणि छोटा संगणक आला. हवा स्वच्छ व्हावी हे आपल्यालाही हवे आहे. पण त्याचा परिणाम असा की बॅटरी पुरती मेली असेल तर अशा गाडीला धक्का मारूनही अनेकदा उपयोग होत नाही, कारण पंपालाच वीज नसते. विजेवरच्या स्कूटरला तर किकही नाही आणि धक्काही नाही. बंद पडली की टेम्पोत घालून कंपनीच्या केंद्रात. ते केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी आणि आपण भामरागडला. एका शोरूममध्ये मी किक असलेले मॉडेल मागितले तेव्हा विक्रेता हसून म्हणाला, 'मॅडम, लेडीजला किक कोण विचारतं?' आम्ही विचारतो. गटाने गाडी घेताना, सरकारी योजनेतून कार्यकर्तीसाठी गाडी येताना, किक आहे का, सुटे भाग तालुक्याला मिळतात का, दुरुस्तीची पुस्तिका मराठीत आहे का, हे लेखी विचारले पाहिजे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश आहे. हा हक्क शहरी ग्राहकाच्या हौसेचा नाही. ज्यांची मजुरी गाडीबरोबर बंद पडते त्या बायकांनी तो सर्वांत आधी मागायला हवा.

आपल्या घरातलेही थोडे बोलायला हवे. संस्थांमध्ये गाडीची कागदपत्रे, सर्व्हिसिंग, बॅटरी हे 'दादां'चे खाते असते आणि शिबिरातला स्वयंपाक, अंथरुणे, हजेरी हे 'ताईं'चे. समतेवर तीन दिवस बोलून झाल्यावर गाडीत बसताना पुढची सीट कोणाला मिळते? एखादी तरुण कार्यकर्ती हात काळे करायला पुढे आली की 'राहू दे, वेळ जातो' म्हणून आपणच तिला मागे ओढतो. वेळ जाणारच. पुरुषांचाही गेलेला असतो, फक्त तो बालपणातच गेल्यामुळे दिसत नाही.

येत्या तिमाहीत प्रत्येक गटाने एक रविवार यासाठी काढावा, अशी माझी सूचना आहे. तीन गाड्या पुरतात: एक बिनगिअरची, एक किकवाली जुनी, एक नवी. बायका दुरुस्त्या करत असतील तर त्यांनाच बोलवा. २०११ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या 'बायकर्नी'सारख्या मोटरसायकल चालवणाऱ्या बायकांच्या गटांकडेही विचारता येईल. ओळखीचा मिस्त्री असेल तर त्याला आपल्या अंगणात बोलवा, आपण त्याच्या गॅरेजात जाऊ नये, कारण तिथे प्रश्न विचारायला जीभ उचलत नाही. अट एकच घाला: त्याने तोंडाने सांगायचे, हात आपले. आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनाही बोलवा. आपल्या मजूर मैत्रिणींच्या घरी गाडी असते ती नवऱ्याची किंवा मुलाची, आणि रात्री तो पिऊन पडलेला असताना मूल तापाने फणफणते तेव्हा ती गाडी दारातच उभी असते.

कोणत्या गाडीची किक अडकलेली निघाली, कोणती धक्क्याला बधली नाही, कोणाला पहिल्या दिवशीच जमले, ते पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. गाडीचे मॉडेल आणि साल लिहायला विसरू नका.